पाचवी बरणी

राजाचं नववं वर्ष, पेरणीचा पहिला महिना, सातवा दिवस
स्वेनेत, दगडखाण

इपुयला, त्याच्या ताईकडून.

अमून तुला उदंड आयुष्य देवो, अंगात बळ देवो, आणि बहिणीच्या पत्राला उत्तर द्यायची बुद्धी देवो. मागची दोन पत्रं तू गिळून बसलायस. दिवसभर मेलेल्यांच्या संगतीत राहून तूही बोलायचं विसरलास की काय? बाबांनी आपल्या दोघांना खापरांवर अक्षरं गिरवायला लावली, ती काय यासाठी? पण जाऊ दे. आज भांडायला बसलेली नाही.

पशेदूच्या, तुझ्या दाजींच्या, डोक्याला लागलंय. खाणीत मोठा दगड उचकटत होते. हा नेहमीप्रमाणे वाकून दगडाला कान लावून बसला होता, आतून कुठे तडकतोय ते ऐकायला. तेवढ्यात उचकटायचा लाकडी सोटा निसटला आणि थेट याच्या डाव्या कानाच्या वर बसला. चौघांनी उचलून घरी आणला. रक्त फार नव्हतं. मला वाटलं, चला, थोडक्यात निभावलं. मग वैद्य आला, त्यानं केस बाजूला करून बोट लावलं, आणि बोट आत गेलं रे इपुय. हाडाच्या आत.

मान फिरवायला हवी होती, पण मी पाहिलं. आत काहीतरी ओलं, वळ्यावळ्यांचं आहे, आणि ते उडत होतं. तान्ह्या पोराची टाळू उडते ना, अगदी तसंच. आमच्या मेरितची उडायची, जितके दिवस होती तितके दिवस. वैद्य म्हणाला, "ही दुखापत अशी, की हिच्याशी मी झुंजेन." त्यांना तीनातलं एक वाक्य बोलावंच लागतं, तुला ठाऊक आहे. "बरी करीन" म्हणाला नाही. "हिला हात लावत नाही" असंही म्हणाला नाही. त्या मधल्या वाक्याला धरून मी बसलेय.

पशेदू डोळे उघडे ठेवून पडलाय. जखमेच्या कडेला बोट लागलं की डोळ्यांतून पाणी येतं, पण तोंडातून हूं की चूं नाही. मी समोर बसते तर माझ्या आरपार भिंतीकडे बघतो.

इथे माझं कोण आहे? खाणीवरची माणसं राजाच्या हुकमानं येतात, दगड निघाला की निघून जातात. शेजारीण मनानं बरी आहे, पण ती दारातून "कसं आहे?" विचारते आणि कसं आहे ते ऐकायच्या आत वळते. म्हणून तुला विचारते. मेलेली माणसं तागाच्या पट्ट्यांत बांधून पश्चिमेला, मेलेल्यांच्या मुलखात पाठवायचं तुझं काम. तुझ्याइतकी माणसं आतून कुणी पाहिली नसतील. डोक्यात असतं काय? आणि ते दुखावलं तर माणूस जातो कुठे?

तामित


पेरणीचा दुसरा महिना, तिसरा दिवस
वासेत, पश्चिम काठ

ताईला, इपुयकडून.

पश्चिमेच्या धन्यानं तुला दुरूनच आशीर्वाद द्यावा, घराजवळ फिरकू नये.

आधी शिव्या आवर. मी दोन्ही पत्रांना उत्तरं लिहिली होती. नावाडी माझ्या हातून काही घेत नाहीत. पत्र काठावरच्या दगडावर ठेवायचं, मागे सरायचं, मग तो नाक दाबून ते उचलतो. मी वळलो की कधी पाण्यातही टाकत असेल, मला काय कळणार? हा नावाडी बरा दिसतोय. याला सर्दी झालीय.

दाजींचं दोनदा वाचलं. पण तुझ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. डोक्यात काही नसतं. शेंबडाचं कोठार आहे ते, दुसरं काय! माणूस असतो हृदयात. अक्कल, आठवण, राग, बायकोची माया, सगळं तिथेच. तिकडे गेल्यावर न्यायाच्या तराजूत काय ठेवतात, डोकं की हृदय? सत्याच्या पिसासमोर साक्ष कोण देतं? म्हणून तर आम्ही सगळं बाहेर काढतो आणि हृदयाला धक्का लावत नाही. दाजींचं हृदय चालतंय ना? मग दाजी आत आहेत. दार तेवढं अडकलंय.

तू कानात बोलत असशील. उगाच घसा कोरडा करू नकोस. छातीवर तोंड ठेवून बोल. नोकरचाकरांशी काय बोलायचं, सरळ मालकाशी बोलावं.

सोबत होरस देवाच्या डोळ्याचा ताईत पाठवतोय. निळा आहे, मीच निवडला. तो डोळा सेतनं फोडला होता आणि थोथनं एकेक तुकडा जुळवून पुन्हा धड केला, हे तुला मी काय सांगणार? हा दाजींच्या छातीवर बांध. डोक्याला बांधून वाया घालवू नकोस.

आज या पत्रात बोललो तेवढंच बोललो. जेवण झालंय. एकट्याचं किती ते असणार!

इपुय


पेरणीचा चौथा महिना, विसावा दिवस
स्वेनेत

इपुय,

तुझा डोळा पोचला. तू सांगितलंस तिथे बांधला, आणि तू सांगितलंस तसं बोलतेही. रोज सकाळी भाकरी झाल्या की त्याच्या छातीवर तोंड टेकवते आणि सुटते. आज मासे खारवले. शेजारणीची बकरी व्याली. वाळू डोळ्यांत जाते. मेरित असती तर आता माझ्या कमरेला लागली असती. एकदा शेजारीण आत आली, मला तशी ओणवलेली पाहिली आणि पदरात तोंड लपवून पळाली. तिला काय वाटलं असेल ते तूच ओळख! किती दिवसांनी हसले मी.

आणि ऐक, तो उठला. उजवा पाय ओढत चालतो, हातानं खातो, बोलतोसुद्धा! ज्या सकाळी पहिल्यांदा तोंड उघडलं तेव्हा माझ्या हातातलं पीठ सांडलं. म्हणाला, "बाई, जरा पाणी देता का?"

मला वाटलं थट्टा करतोय. थट्टेखोर तो आहेच. मी म्हटलं, "देते हो, रावसाहेब." तर त्यानं पाणी घेतलं, पेला परत देताना मान लववली, आणि म्हणाला, "तुमचे उपकार झाले."

तेव्हापासून मला "तुम्ही" म्हणतो. "बाई, तुमच्या हातची भाकरी फार छान असते. तुमच्या घरचे कुठे असतात?" काय सांगू त्याला? म्हटलं, खाणीवर गेलेत, येतील. तर त्याला काळजी पडली. "मग मला असा आत बसलेला पाहून ते रागावतील. मी अंगणात झोपतो." आणि झोपतो, खरंच! मी आत एकटी लवंडते आणि माझा नवरा परक्या बाईची अब्रू राखायला बाहेर मातीवर पडलेला असतो.

एकदा मेरितचं नाव काढलं. "कोण मेरित?" म्हणाला. इपुय, त्या पोरीला आम्हा दोघांशिवाय कुणी धड पाहिलंसुद्धा नव्हतं. आता ती होती हे सांगायला एकटी मीच उरले.

आता तुझ्याशी भांडते. त्याच्या छातीला इतके महिने तोंड लावलंय, कान लावलाय, ते हृदय मला पाठ आहे. तेच आहे ते. लग्नाच्या दिवशी जसं चालत होतं तसंच चालतंय. माणूस हृदयात असतो तर हा गेला कुठे? जिथे सोटा बसला तिथूनच गेला ना? आणि मला सांग, राजाच्या अंगावर सोन्याची नागीण कुठे बसवतात? कपाळावर. छातीवर का नाही बसवली? पहारा खजिन्यावर बसवतात. रिकाम्या खोलीवर कोण बसवतं?

तुम्ही पोटातलं बरण्यांत घालून प्रेताजवळ ठेवता, ते सगळ्यांना ठाऊक आहे. डोक्यातलं कुठे ठेवता?

तामित


सुगीचा दुसरा महिना, पंचविसावा दिवस
वासेत, पश्चिम काठ

ताई,

तुझं पत्र वाचलं आणि चुलीत घातलं. माझी शपथ आहे, नागिणीची गोष्ट पुन्हा कुणाजवळ काढू नकोस. राजाच्या कपाळावर काय असावं हे खाणीवरच्या बायकांनी ठरवायचं नसतं. ती तिथे बसलीय शत्रूवर आग ओकायला. छातीवर बसवली तर राजाची दाढी मध्ये येईल, तिला दिसणार काय, कप्पाळ?

दाजी परत येतील. मोठा धक्का बसला की हृदयही भेदरतं, कोपऱ्यात जाऊन बसतं. वेळ लागतो. बोलत राहा.

आणि डोक्यातलंही आम्ही ठेवतो. सगळं ठेवतो, नियमानं, मंत्र म्हणून. तू त्या काळजीत पडू नकोस.

इथे दरीचा सण झाला. अख्खं शहर फुलं, बदकं, बिअरचे घडे घेऊन नदी ओलांडून आलं आणि आपापल्या मेलेल्यांशेजारी जेवायला बसलं. मी आई-बाबांकडे गेलो. अंग राखेनं घासून, तेल लावून गेलो होतो. तरी शेजारच्या थडग्यावरच्या मंडळींनी चटई गुंडाळली आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाला जाऊन बसली. त्यांचा आजोबा मीच बांधलाय. आई-बाबा काही बोलले नाहीत. पण उठूनही गेले नाहीत.

तू इथे असतीस तर कांद्याची भाजी केली असतीस.

इपुय


राजाचं दहावं वर्ष, पुराचा दुसरा महिना, चौथा दिवस
स्वेनेत

इपुय,

या पत्राबरोबर पशेदू येतोय.

जखम वरून भरली होती, आतून सडली. ताप चढला, मान ताठ झाली. वैद्यानं या खेपेला तिसरं वाक्य म्हटलं आणि हात धुतले. शेवटी पशेदूला शुद्ध होती. म्हणाला, "बाई, तुम्हाला फार त्रास दिला. तुमच्या घरचे आले की त्यांना माझा नमस्कार सांगा." मी म्हटलं, सांगते. मग गेला. त्याला माझं नाव घेऊन जाता आलं नाही, आणि मला मोठ्यानं रडताही आलं नाही, कारण तो ओशाळला असता.

पाणी चढलंय, राजाचा दगड तराफ्यावर घातलाय. त्याच्या सावलीत पशेदूला, सडू नये म्हणून, खारमातीत घालून ठेवलंय. मुकादमानं तेवढी दया केली. मला घेत नाहीत. राजाच्या दगडाबरोबर बाई नको म्हणे, मेलेला चालतो. मी दफनाला येईन.

आता नीट वाच. तू मला खोटं सांगितलंस. मुकादमाची आई वारली, ती वासेतहूनच बांधून आणली. मी थडग्याशी उभी होते. बरण्या चार. माणसाच्या तोंडाची, वानराच्या, कोल्ह्याच्या, ससाण्याच्या. यकृत, फुप्फुस, पोट, आतडी. पाचवी बरणी नव्हतीच. तिच्या दासीला विचारलं तर ती माझ्याकडे खुळी असल्यासारखी बघायला लागली. "डोक्यातलं? ते नाकातून आकड्यानं ओढतात नि फेकून देतात. तुमचा भाऊच ना तिथे?"

मी तुझ्यावर रागावले होते. आता राग नाही. तू मला समजावायला खोटं बोललास, लहानपणापासून तेच करतोस. पण पशेदूचं फेकू नकोस, इपुय. पाया पडते.

तूच डोळ्याची गोष्ट सांगितलीस. सेतनं फोडला, थोथनं जुळवला. का जुळवता आला? तुकडे होते म्हणून. ते कुणी उकिरड्यावर टाकले असते तर देवानं तरी काय जुळवलं असतं? पशेदूच्या डोक्यातलं मोडलंय, मला ठाऊक आहे. पण मोडलेलं तिकडे दुरुस्त होईल. टाकलेलं कसं होणार? तुम्ही त्याला हृदय द्याल, डोळे द्याल, बोलतं तोंड द्याल. मी तिथे पोचेन, आणि तो मला विचारेल, "बाई, तुमच्या घरचे कुठे असतात?" हे मी इथे सोसलं. कायमचं नाही सोसवणार.

मला दुसरं काही नको. मी तिकडे जाईन तेव्हा त्यानं मला ओळखावं.

तामित


पुराचा दुसरा महिना, तेरावा दिवस
वासेत, पश्चिम काठ

ताई,

दाजी पोचले. मी एकट्यानं उतरवून घेतले. कुणाला हात लावू दिला नाही.

पण तू म्हणतेस ते माझ्याच्यानं होणार नाही. आमच्याकडे कसं असतं ते ऐक. कोल्ह्याचा मुखवटा चढवला की आमचे मुख्य प्रेताच्या डोक्याशी उभे राहतात आणि मोठ्यानं तीन गोष्टी विचारतात. हृदय जागेवर? पोट मोकळं? डोकं मोकळं? ज्यानं काम केलं त्यानं छातीवर हात ठेवून उत्तर द्यायचं. त्या वेळी समोर मुख्य नसतात, खुद्द अनुबिस देव असतो. तिथे बोललेलं खोटं इतर खोट्यांसारखं नाही. ते हृदयावर डाग होऊन बसतं आणि तराजूपुढे हृदय ते ओरडून सांगतं. मग पलीकडे मगरतोंडी बसलेलीच आहे, हृदय गिळायला.

तू म्हणशील, इपुय भित्रा आहे. आहेच. ताई, इथे माझं असं काही नाही. नाक न दाबता माझ्याशी बोलणारं माणूस नाही. मी कशाच्या आशेवर दिवस काढतो, सांगू? तिकडच्या बोरूच्या शेतांत कुणाच्या अंगाला वास येत नाही म्हणतात. तिथे मी लोकांच्यात बसेन. एवढं एकच मागणं मी जन्मभर जपलंय, आणि तू तेच मागतेयस.

दुसरं काहीही माग. सोन्याचा मुलामा दे म्हण, कुठून तरी आणतो.

इपुय


पुराचा तिसरा महिना, अकरावा दिवस
वासेत, पश्चिम काठ

ताई,

केलं.

म्हणजे काहीच केलं नाही. आकडा हातात घेतला, नाकाशी नेला, आणि थांबलो. त्यांचा चेहरा निवांत होता. मला तुझं लग्न आठवलं. सगळे जेवायला बसले होते आणि मी माझं ताट घेऊन बाहेर, खजुराच्या झाडाखाली. तू नवरी, तुला कुठलं दिसणार? दाजी उठून बाहेर आले. "काय हो मेहुणे, आमच्याकडची बदकं आवडली नाहीत का?" म्हणाले, आणि माझ्या ताटातलं तंगडं उचलून खायला लागले. माझ्या ताटातलं! मग तिथेच फतकल मारून बसले. स्वतःच्या लग्नात नवरा मुलगा बाहेर धुळीत, लोक बघताहेत, आणि हे मला दगड कसा बोलतो ते सांगताहेत.

आकडा धरून मी विचार केला, ताईचं खरं असेल तर ते जेवणही इथेच आहे, या हाडाच्या आत. जगात मला कुणी जवळ बसवलं, ते आठवणारे आम्ही दोघंच. मी ते ओढून काढू आणि कुत्र्यांपुढे टाकू? माझा हात धजावला नाही.

नाकात तागाचे बोळे घातले, वर राळ ओतली. डोकं आहे तसंच आहे. मग मुख्य आले. हृदय जागेवर? जागेवर. पोट मोकळं? मोकळं. डोकं मोकळं? मी छातीवर हात ठेवला आणि म्हणालो, मोकळं. कुणाला काही कळलं नाही. हृदय मात्र हाताखाली असं धडधडलं की वाटलं, हे आत्ताच बोलून टाकतंय.

आता ते खारात आहेत. तू ये. पाचव्या बरणीचं नाव काढू नकोस, तिची गरज पडली नाही.

आलीस की थोडे दिवस राहशील का? वासाची सवय होते, म्हणतात. कोण म्हणतं ते विचारू नकोस.

इपुय


राजाचं सोळावं वर्ष, पेरणीचा दुसरा महिना, नववा दिवस
वासेत, पश्चिम काठ

पशेदूला, त्याच्या बायकोकडून.

पश्चिमेत तुझं कसं चाललंय? धनी तुला सांभाळतोय ना? हे मी तुझ्या थडग्यावर ठेवायच्या वाडग्याच्या आतून गोल गोल लिहितेय. वर भाकरी आणि अंजीर ठेवीन. खाऊन झालं की वाच. आधी वाचायचं म्हणून अन्न बाजूला सारू नकोस, भाकरी गरम आहे.

तुझ्या दफनाला आले ती मी परत गेलेच नाही. इपुयकडेच राहिले. वासाची सवय होत नाही, पण माणसाची होते. सहा वर्षं आम्ही दोघं एका ताटात जेवलो आणि रोज भांडलो. मी म्हणायची माणूस डोक्यात असतो, तो म्हणायचा हृदयात. मग आम्ही कांदे चिरायचो. आता लोक मलाही पाहून नाक दाबतात. दाबू देत मेल्यांना.

इपुय गेला. खोकला होता, अंगावर काढला. त्याच्याच हाताखाली शिकलेल्या पोरांनी त्याला बांधला. आज दफन झालं.

मी त्याला आधीच म्हटलं होतं, त्या पोरांना सांगते, तुझं डोकं राहू देत. तो उठून बसला. "ताई, त्यांना अनुबिससमोर खोटं बोलायला लावू नकोस. या घरातला एक बोलला तेवढं पुरे." मग मी म्हटलं, निदान हिरव्या दगडाचा भुंगा तरी छातीवर ठेवू दे, हृदयाला गप्प बसवणारा. तेही नको म्हणाला. "हृदयाचं तोंड दाबायचं आणि मग न्याय मागायला उभं राहायचं? बरं दिसत नाही ते." तर त्यांनी नियमानं सगळं केलं, पशेदू. मी ओट्यावर बसले होते. त्यांनी डोक्यातलं बाहेर नेऊन टाकलं, मी पाहिलं. आतून मुख्यांचा आवाज आला, डोकं मोकळं? पोरगा म्हणाला, मोकळं. खरंच बोलला तो.

तेव्हापासून मला झोप नाही. माझं म्हणणं खरं असेल तर तू तिकडे धड आहेस आणि इपुय रिकामा येतोय. त्याचं खरं असेल तर तो धड येईल आणि तू, भेदरल्या हृदयानं गेलेला, मला पुन्हा बाई म्हणशील. तुम्ही दोघंही मला मिळाल असं काही दिसत नाही. इतकी वर्षं माझंच खरं निघावं म्हणून देवांपुढे फुलं वाहिली. आज वाहायला गेले तर काय मागावं ते सुचेना, तशीच परत आले.

पण तू धड असशील तर माझं एक काम कर. इपुयला तराजूपुढे आणतील. त्याचं हृदय ओरडून सांगेल, हा खोटं बोलला. त्याला विचारतील, कुणासाठी बोललास? आणि त्याला आठवणारच नाही, पशेदू. तू आठवणार नाहीस, मी आठवणार नाही. तो नुसता उभा राहील. घाबरला की तो ओठ चावतो, तसा चावत असेल.

तू वाट बघत बसू नकोस. कुणी बोलावलं नाही तरी पुढे हो आणि न्यायाला बसलेल्या बेचाळीस देवांसमोर ठणकावून सांग, तो माझ्यासाठी बोलला, हे माझं डोकं, तपासून बघा. मग त्याचा हात धर. तो तुला ओळखणार नाही, "आपण कोण?" विचारेल. रागावू नकोस. ते ऐकायला कसं वाटतं ते मला ठाऊक आहे.

त्याला तुझ्याजवळ बसव. रोज थोडं थोडं सांग. आणि त्याला सांग, तुला एक ताई आहे. ती अजून इकडेच आहे.